१५ ऑगस्टच्या स्टेजवर पावरी गाणं चालेल का?

पत्र:

नमस्कार माई, मी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलतात, बाकीची बरीचशी अहिराणी, काही गुजर घरातली आहेत, एक बंजारा मुलगी आहे. यंदा १५ ऑगस्टसाठी मी दोन हिंदी गाण्यांबरोबर एक अहिराणी आणि एक पावरी गाणं बसवलं. शाळा व्यवस्थापन समितीतले एक नाना म्हणाले, "त्या दिवशी सगळे फक्त भारतीय. ते पावरी, अहिराणी, खान्देशी घरी ठेवा, अशानेच देश तुटतो." मी "खान्देशी असल्याचा अभिमान" असं स्टेटस ठेवलं तर पुण्यातला चुलतभाऊ घरच्या ग्रुपवर म्हणाला, आधी भारतीय हो. त्यात सातवीतला एक मुलगा राष्ट्रगीताला नुसता उभा राहतो, म्हणत नाही, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये बोलणं त्याच्या घराण्यापर्यंत गेलंय. माझं काही चुकतंय का? गाणी काढून टाकू का? आणि मुलांनी विचारलं की आपण आधी कोण, तर काय सांगू?

उत्तर:

ताई, गाणी काढू नका. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की तुम्ही स्वतःवरच शंका घ्यायला लागलात, आपण देशाच्या विरुद्ध काही करतोय का म्हणून, आणि वर्गातल्या प्रत्येक पोराला झेंड्याखाली उभं करायला धडपडणाऱ्या बाईला असं वाटावं याचं मला खरंच वाईट वाटलं. पाड्यावरून येणारं पोर दरवर्षी १५ ऑगस्टला रांगेत उभं राहतं, दुसऱ्यांची भाषणं ऐकतं, गोळ्या-बिस्किटं घेऊन घरी जातं. यंदा तेच पोर आपल्या आईच्या भाषेत माईकवर गाणार आणि खाली त्याचे आईबाप ऐकणार, ज्यांना एरवी त्या प्रोग्राममधलं अर्धंमुर्धंच कळतं. यात देश तुटतो कुठे? मला तर वाटतं त्या घरात देश पहिल्यांदा ऐकू जाईल.

आता नानांचं. त्यांच्याकडे जाल तेव्हा भांडायला जाऊ नका, पाठ्यपुस्तक घेऊन जा. कुठल्याही इयत्तेचं चालेल, फक्त पहिली पानं उघडायची. प्रतिज्ञेत आपण रोज सकाळी काय म्हणतो, "माझ्या देशातल्या समृद्ध आणि विविधतांनी नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे." परंपरांचा, एका परंपरेचा नाही. मग त्यातली एक परंपरा स्टेजवर आली की लगेच घरी ठेवा म्हणायचं, हे त्या प्रतिज्ञेशी जुळत नाही, आणि नानांनी लहानपणी हीच प्रतिज्ञा शेकडो वेळा म्हटली असणार, त्यामुळे त्यांना पटायला जड जाऊ नये. ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिली गेलीय, १९६२ साली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. एका तेलुगू माणसाने आपल्या भाषेत लिहिलं आणि शिरपूरची पोरं ते मराठीत म्हणतात, त्यात कुणाला काही तुटल्यासारखं वाटलं नाही.

प्रतिज्ञेबरोबरच संविधानाची उद्देशिका असते. तीसुद्धा दाखवा. त्यात बंधुतेचं वाक्य नीट वाचा, "व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता यांचे आश्वासन देणारी बंधुता". आधी माणसाची प्रतिष्ठा आलीय, मग राष्ट्राची एकता. मी कायद्याची पंडित नाही, पण हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याला सारखं सांगितलंय की तुझी बोली गावंढळ, तुझं गाणं स्टेजलायक नाही, तो माणूस बाकीच्यांशी बंधुभावाने वागणार कसा, तो गप्प बसेल फार तर, आणि गप्प बसलेल्या माणसाला आपण एकी समजून बसतो.

राष्ट्रगीताचं पण तेच बघा. रवींद्रनाथांनी ते बंगालीत लिहिलं, २७ डिसेंबर १९११ला कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा म्हटलं गेलं आणि २४ जानेवारी १९५०ला संविधान सभेने ते राष्ट्रगीत म्हणून घेतलं. त्यात काय आहे? पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग. नावंच नावं आहेत. कवीला देशाचं गाणं लिहायचं होतं तर त्याने नावं पुसली नाहीत, एकापुढे एक घेतली. आणि ती काही हजेरी नाही, आसाम त्यात नाही, राजस्थान नाही, म्हणून ते लोक कमी भारतीय झाले असं कुणी म्हणत नाही. सिंध तर फाळणीत पलीकडे गेलं, तो शब्द काढा म्हणून केस झाली होती, सुप्रीम कोर्टाने २००५ साली ती फेटाळली. माझ्या मते फार बरं झालं. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या माणसाला जाऊन विचारा त्या एका शब्दाचं मोल काय आहे ते, घरदार सगळं तिकडे राहिलं आणि गाण्यात नाव तेवढं राहिलं.

तसंच आपल्या राज्यगीताचं, "जय जय महाराष्ट्र माझा"चं. २०२३ला ते राज्यगीत झालं, त्यात रेवा आहे म्हणजे नंदुरबारच्या वरच्या अंगाची आपली नर्मदा आहे, पण तापी नाही. तुमचं शिरपूर तापीकाठचंच, मला माहितीय हे कुठल्याही खान्देशी माणसाच्या कानाला लागतं, मला पण लागतं. पण आपण ते गाणं छाती फुगवून म्हणतोच की. नाव असलं तर आनंद होतो, नसलं तरी आपण त्याचेच असतो, एवढं मोठं मन आपल्याकडे आहे, मग पावरी गाण्यासाठीच ते का आकसतं?

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त सांगायचीय ती. तुमच्यापासून फार लांब नाही, नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२. चले जावच्या दिवसांत शाळकरी पोरांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली, पोलिसांनी गोळीबार केला, शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता, तो गेला, त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा, असे पाच जण गेले. हे तुम्ही मुलांना शिकवत असणारच. पण त्या मिरवणुकीत पोरं काय घोषणा देत होती आठवा, "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं." गुजराती आहे ती. नाही झुकणार हे भारतभूमीचं निशाण. अख्ख्या खान्देशात देशासाठी म्हटलेलं सगळ्यात मोठं वाक्य कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन आणि ते मराठीतही नाही, हिंदीतही नाही, ते शिरीषकुमारच्या घरच्या भाषेतलं आहे. शशिधर केतकर तर आडनावावरूनच मराठी घरातला दिसतो, आणि ती मिरवणूक एकच होती. कुणी त्या पोरांना थांबवून म्हटलं नाही की आधी भाषा बदला मग झेंडा धरा. गोळी झाडणाऱ्यालाही भाषेशी घेणं नव्हतं. ताई, नानांना एवढी एकच गोष्ट सांगितलीत आणि बाकी काहीच सांगितलं नाही तरी चालेल. गुजराती घोषणा देत खान्देशातली पोरं भारतासाठी मरू शकतात, तर पावरी गाणं म्हणत भारतासाठी नाचू शकत नाहीत का?

पावरी म्हटलं की अजून एक येतं. सातपुड्यात १८५७-५८ला इंग्रजांशी लढला तो खाज्या नाईक, भिल्ल होता. आंबापाणीची लढाई याच सातपुड्यात झाली, १८५८ साली. तुमच्या वर्गात आदिवासी मुलं बसलीत त्यांना हे नाव माहितीय का हे एकदा विचारून बघा, नसेल तर १५ ऑगस्टच्या भाषणात घाला, दोन मिनिटं पुरतात.

पण नानांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनात एक भीती असणार आणि ती आपण सगळ्यांनी गावात डोळ्यांनी पाहिलेली आहे. आज पावरी गाणं झालं, उद्या एक समाज येईल आमचं पण एक घ्या, परवा दुसरा येईल आमच्या महापुरुषाचा फोटो का नाही, मग कुणाचा आयटम आधी यावरून भांडण, आणि १५ ऑगस्ट बाजूला राहून समाजासमाजाचं शक्तिप्रदर्शन होऊन बसतं. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात जातींना राष्ट्रविरोधी म्हटलं होतं, कारण त्या समाजजीवनात फूट पाडतात, जातीजातींत मत्सर आणि तेढ निर्माण करतात. ते खरंच आहे. म्हणून माझं म्हणणं, भाषा आणा, गाणं आणा, पण जात स्टेजवर आणू नका. माईकवर "आता आदिवासी मुलं सादर करतील" असं कुणी म्हणता कामा नये, आडनावावरून ग्रुप पाडू नका, "पाचवी ते सातवीची मुलं पावरी गाणं म्हणतील" एवढंच म्हणा.

आणि इथेच तुम्हाला एक वेगळं करून बघायला सांगते, थोडी मेहनत आहे पण करा. पावरी गाणं फक्त पावरी मुलांकडून नका करून घेऊ. त्यांच्यातल्या एका मुलीला वर्गासमोर उभी करा आणि तिला बाकीच्यांना शिकवू द्या, अहिराणीवाल्या पोरांना, गुजर पोरांना, त्या बंजारा मुलीला, सगळ्यांना. चुकतील, हसतील, ती त्यांना सुधारेल. तसंच अहिराणी गाणं पावरी मुलांनी म्हणायचं. म्हणजे स्टेजवर दोन्ही गाण्यांना तीच सगळी पोरं उभी. मग नाना म्हणूच शकणार नाहीत की तुम्ही पोरं वेगळी केली. साने गुरुजी पालगडचे, कोकणातले, पण शिकवायला अमळनेरला आले आणि खान्देशचेच होऊन गेले. त्यांनी शेवटी शेवटी जे आंतरभारतीचं स्वप्न धरलं होतं ते काय होतं दुसरं, एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्याची भाषा शिकायची, त्याचं गाणं म्हणायचं, त्याच्या घरी जाऊन राहायचं. ते देशभराचं स्वप्न होतं, तुमच्या शाळेत ते एका वर्गात बसतंय.

एक सांभाळा, ड्रेसचं. भाड्याने पिसांचे मुकुट आणि पानांचे घागरे आणून पोरांना "आदिवासी" बनवायची पद्धत आहे ना गॅदरिंगमध्ये, ते अजिबात करू नका. ज्याच्या घरी होळीला नाचायचं खरं सामान आहे त्याला घरून विचारून आणायचं असेल तर आणू दे, नाहीतर शाळेचा युनिफॉर्म उत्तम.

आता त्या सातवीतल्या मुलाचं, आणि हे मला गाण्यांपेक्षाही जास्त तातडीचं वाटतं. स्टाफरूममधलं ते बोलणं तुम्ही थांबवा, उद्याच. मुलगा तोंड हलवत नाही एवढंच तुम्हाला माहितीय, बाकी सगळं लोकांनी वरून चिकटवलंय. आधी त्याला एकटं घेऊन प्रेमाने विचारा की शब्द येतात का. बंगालीतलं संस्कृतप्रचुर गाणं आहे ते, "उच्छल जलधि तरंग" मोठ्यांना धड म्हणता येत नाही, आणि घरी वेगळीच भाषा बोलणारं पोर चुकायच्या भीतीने तोंड मिटून उभं राहत असेल, आवाज फुटायचं वय आहे त्याने लाजत असेल, शंभर कारणं असतात. शब्द येत नसतील तर अर्थासकट शिकवा, आणि फक्त त्याला नाही, अख्ख्या वर्गाला शिकवा म्हणजे तो वेगळा पडणार नाही.

आणि समजा कारण श्रद्धेचं निघालं, तरीही घाबरू नका. केरळात तीन भावंडांना १९८५ला शाळेतून काढलं होतं, ती राष्ट्रगीताला रोज अदबीने उभी राहायची पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८६ला कोर्टाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं, म्हटलं की म्हणायलाच लावणारा कायदा नाही, आदराने उभं राहणं हाही मानच आहे. बिजो इमॅन्युएल केस म्हणून ती ओळखली जाते, हेडमास्तरांना नावासकट सांगा. १९७१चा जो राष्ट्रीय मानचिन्हांचा कायदा आहे तो गीत म्हणण्यात मुद्दाम अडथळा आणणाऱ्यासाठी, गोंधळ घालणाऱ्यासाठी आहे. तुमचं पोर सरळ उभं आहे, कुणाला त्रास देत नाही. त्याच्या घराण्यावर जाणारी जी जीभ आहे ती झेंड्याचा मान राखत नाहीये, असं मला स्वच्छ वाटतं आणि तुम्हीही ते स्टाफरूममध्ये स्वच्छ बोलावं असं मला वाटतं, मोठ्याने नको, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग तुमचा तो प्रश्न, मुलांनी विचारलं आपण आधी कोण तर काय सांगायचं. मी तर म्हणते हा "आधी"च मुलांच्या डोक्यात घालू नका. यावल, रावेर, चोपड्याकडे तडवी भिल्ल आहेत, आदिवासी आहेत, मुसलमान आहेत, खान्देशी आहेत, भारतीय आहेत, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत सगळं एकाच वेळी आहेत. त्यांना रांग लावायला सांगणारे आपण कोण? भुसावळच्या रेल्वे कॉलनीत देशभरातून आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, ड्युटीवर तिसरी. कुणाचंही भारतीयपण त्याने पातळ झालेलं मला दिसलं नाही. आणि २०११च्या जनगणनेत खान्देशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली गेली, अहिराणी वगैरे बोली धरून अठरा लाखांवर लोक तिच्याखाली नोंदले गेले, म्हणजे सरकारच आपल्याला विचारून लिहून घेतं की तुझी घरची भाषा कोणती, आणि त्याच फॉर्मवर आपण भारताचे म्हणून मोजले जातो.

फरक कशात करायचा ते मात्र मुलांना जरूर सांगा. जे नाव मी स्वतःहून माझं म्हणून सांगते, मी खान्देशी, मी पावरा, मी शिरपूरची, ते मला उभं राहायला जागा देतं. जे नाव दुसरा मला बाहेर काढायला लावतो, हे तसले लोक, यांच्यावर भरवसा नको, यांनी आधी सिद्ध करावं, ते लेबल घातक. पहिलं बंद करून दुसरं थांबत नाही. मी तर उलटंच पाहिलंय, ज्याला आपलं नाव सांगायची लाज वाटायला लावली तोच उद्या दुसऱ्यावर लेबल मारायला पुढे असतो.

त्यावरून तुमचा पुण्याचा भाऊ. त्याला ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे चाळीस जण बघत असतात आणि मग कुणी मागे हटत नाही. फोन करा, अहिराणीत बोला, कसा शे रे भाऊ, जेवना का, असं. आपल्या भागातली पोरं पुण्यामुंबईला शिकायला जातात तेव्हा होस्टेलवर, ऑफिसात त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसतात हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की मला शंका आहे त्याच्यासोबतही झालं असेल, आणि "मी फक्त भारतीय" म्हटलं की तो चिडवायचा विषयच संपतो. ते त्याचं संरक्षण असेल, तुमच्यावरचा हल्ला नसेलही. त्याला पटवायची घाई नको, त्याला फक्त कळू द्या की तुमच्याशी बोलताना त्याला ते लपवायची गरज नाही. स्टेटस ठेवलंय ते राहू द्या.

राहता राहिलं ते हे की नानांनी सगळं ऐकून घेऊनही नाहीच म्हटलं तर. समिती एकट्या नानांची नसते, पालक असतात, सरपंच किंवा सदस्य असतात, हेडमास्तर असतात, मीटिंगमध्ये शांतपणे विषय ठेवा आणि पाड्यावरच्या दोन पालकांना त्या दिवशी आवर्जून बोलवा, त्यांच्यासमोर "ही भाषा नको" म्हणणं कुणालाही सोपं जात नाही. गाण्याचे शब्द आधी मराठीत अर्थ लिहून समितीला देऊन टाका, म्हणजे कळत नाही म्हणून संशय असला तर तो जाईल. एवढं करूनही वेळ नाही वगैरे कारण पुढे आलं आणि दोनपैकी एकच बोलीचं गाणं ठेवा म्हणाले, तर अहिराणी सोडा आणि पावरी ठेवा. मी स्वतः अहिराणी बोलते, तरी हेच सांगते. अहिराणीला आपल्या गावात जागा आहे, लग्नात आहे, कानबाईच्या सणाला आहे, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावर आहे. त्या पोरांच्या भाषेला शाळेच्या स्टेजवर ही पहिलीच जागा मिळतेय, ती जाऊ देऊ नका.